मासवणचे बाबूराव, कोल्हापूरचे शांताराम: एका चाहत्याच्या निराशेचा इतिहास

पालघर जिल्ह्याचे मुख्यालय आज कोळगावात उभे आहे. पालघरहून बोईसरकडे जाणारा प्रवासी त्या नव्या इमारती पाहत पुढे जातो. याच तालुक्यात पूर्वेकडे, सूर्या नदीच्या काठी, मासवण नावाचे गाव आहे. भारतीय चित्रपटसमीक्षेतील सर्वांत धारदार आणि सर्वांत विखारी लेखणी या गावची होती, हे पालघरकरांनाही फारसे ठाऊक नसते. ४ एप्रिल १९०४ रोजी मासवणात जन्मलेला पाटलांचा एक मुलगा पुढे मुंबईत ‘बाबूराव पटेल’ या नावाने ओळखला जाऊ लागला आणि त्याच्या मासिकाचा अंक बाजारात आला की निर्मात्यांच्या पोटात गोळा येऊ लागला.

त्याच काळात कोल्हापूरचा एक तरुण पुण्यात राहून भारतीय बोलपटाचे व्याकरण घडवीत होता. त्याचे नाव शांताराम राजाराम वणकुद्रे. जगाला तो व्ही. शांताराम म्हणून परिचित आहे. बाबूरावांनी आरंभीच्या काळात ज्या मोजक्या लोकांना मानले, त्यांत शांतारामांचे स्थान वरचे होते. वीस-पंचवीस वर्षांनी त्याच शांतारामांच्या चित्रपटावर बाबूराव असे काही तुटून पडले की ती टीका आजही चित्रपट-इतिहासाच्या पुस्तकांत उदाहरण म्हणून दिली जाते. मधल्या वर्षांत नेमके काय बदलले? दिग्दर्शक, चाहता, की काळ?

आधी चाहत्याची ओळख करून घेऊ. बाबूरावांचे औपचारिक शिक्षण फारसे झाले नव्हते, तरी त्यांनी इंग्रजीवर अशी हुकमत मिळवली की विलायतेत शिकलेल्यांनी हेवा करावा. डी. एन. पार्कर या मुद्रणव्यवसायातील भागीदाराच्या साहाय्याने एप्रिल १९३५ मध्ये त्यांनी ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक सुरू केले. त्यातील वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे हे मासिकाचे मुख्य आकर्षण होते. प्रश्न साधा असे, उत्तर चाबकासारखे. १९४४ साली ‘ज्वारभाटा’मधून पदार्पण करणाऱ्या दिलीपकुमारांना त्यांनी रक्तक्षय झालेल्या माणसाच्या पंक्तीत बसवले होते. यावरून त्यांचे भाकीत नेहमी खरे ठरत असे असे नाही, हेही लक्षात यावे.

मात्र त्यांना केवळ शिवराळ संपादक समजणे अन्यायाचे होईल. १९३८ साली ‘द ड्रम’ या ब्रिटिश चित्रपटाविरुद्ध मुंबईत जो क्षोभ उसळला, त्यात ‘फिल्मइंडिया’चा वाटा मोठा होता. साम्राज्यशाहीच्या चष्म्यातून हिंदी माणसाचे जे चित्र पडद्यावर रंगवले जाई, त्याविरुद्ध सातत्याने लिहिणारे हे मासिक होते. देशी चित्रपटाने जगापुढे ताठ मानेने उभे राहावे, ही बाबूरावांची आस होती. ती आस पुरी करील असे वाटावे अशी संस्था त्यांना दिसत होती आणि ती म्हणजे ‘प्रभात’.

येथे एक सावधगिरी हवी. ‘प्रभात’च्या प्रसिद्धीकार्याशी आणि चित्रपट-पुस्तिकांशी बाबूरावांचा व्यावसायिक संबंध होता, आणि ‘प्रभात’च्या देखण्या जाहिराती ‘फिल्मइंडिया’त झळकत असत. म्हणजे त्यांची प्रशंसा पूर्णतः निरपेक्ष नव्हती. समीक्षा हे इतिहासाचे साधन म्हणून वापरताना मासिकाच्या जाहिरातींची पानेही चाळावी लागतात. पण जाहिरातीमुळे कौतुक झाले म्हणून ते खोटेच होते, असा निष्कर्षही घाईचा ठरेल; कारण ज्या कलाकृतींचे ते कौतुक होते, त्या आज आपल्यासमोर आहेत आणि त्यांची पारख आपण स्वतः करू शकतो.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर, सीतारामपंत कुलकर्णी आणि शांताराम या पाच जणांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. कुलकर्णी वगळता बाकीचे चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले होते. दामले ध्वनीचे, फत्तेलाल कलादिग्दर्शनाचे, धायबर कॅमेऱ्याचे जाणकार. कुलकर्णींकडे आर्थिक बाजू आणि दिग्दर्शन शांतारामांकडे. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपटाचा आरंभ केला. १९३३ मध्ये कंपनी पुण्यात आली. पुढच्याच वर्षीच्या ‘अमृतमंथन’मध्ये राजगुरूच्या डोळ्याचा पडदाभर दिसणारा तो समीपदृश्याचा चमत्कार प्रेक्षकांनी पाहिला. जर्मन चित्रपटांच्या छायाप्रकाशाचा प्रभाव त्यात उघड आहे, पण नक्कल नाही.

खरे शांताराम मात्र १९३७ ते १९४१ या चार-पाच वर्षांत भेटतात. ‘कुंकू’, ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ हे तीन चित्रपट. पुढची सारी निराशा ज्या मापाने मोजली गेली, ते माप याच तिघांनी घालून दिले. म्हणून येथे थोडे रेंगाळणे आवश्यक आहे.

‘कुंकू’ हा ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला. नीरा या तरुण मुलीचा विवाह फसवणुकीने काकासाहेब या वयस्क, विधुर वकिलाशी लावून दिला जातो. ती त्या घरात राहते, पण पत्नी म्हणून वागायला ठाम नकार देते. जरठ-कुमारी विवाहाचा विषय मराठी रंगभूमीला नवा नव्हता. ‘संगीत शारदा’ १८९९ पासून गाजत होते. नवे होते ते नीरेचे बोलणे. शारदेला वाचवायला कोणीतरी यावे लागते. नीरा स्वतः प्रश्न विचारते, सावत्र मुलाच्या आगळिकीला चोख उत्तर देते आणि घरातील प्रत्येकाला आपापल्या भूमिकेचा विचार करायला भाग पाडते. शांता आपटे यांनी ती भूमिका अशा तेजाने केली की आजही तिच्यात शिळेपणा जाणवत नाही.

आणि तरीही चित्रपट काकासाहेबांना खलनायक करीत नाही. केशवराव दाते यांनी उभा केलेला हा वृद्ध हळूहळू स्वतःलाच ओळखू लागतो. फुटलेल्या आरशाच्या तुकड्यांत त्याची अनेक रूपे दिसतात. भिंतीवरचे जुने घड्याळ त्याच्या वयाची आठवण करून देते. चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. वाद्यमेळ भावना सुचवायला येत नाही. घरातले, रस्त्यातले जे आवाज ऐकू यावेत तेवढेच येतात. १९३७ सालच्या भारतीय बोलपटात हा निर्णय धाडसी होता. प्रेक्षकाला काय वाटावे हे दिग्दर्शक सांगत नव्हता. तो वाट पाहत होता.

‘माणूस’ १९३९ चा. गणपत हा पोलीस आणि मैना ही वेश्या. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर. ‘देवदास’ने साऱ्या देशात जी रडवेली लाट आणली होती, तिला हे उत्तर होते असे नेहमी सांगितले जाते, आणि चित्रपट पाहताना ते पटते. प्रेम विफल झाले म्हणून आयुष्य संपवायचे नसते, हे सांगताना शांताराम उपदेशकाचा सूर लावत नाहीत. मैना विनोदी आहे, कडवट आहे, स्वतःविषयी तिला भ्रम नाही. बॉम्बे टॉकीजच्या गुळगुळीत प्रेमदृश्यांची यात केलेली टवाळी तर आजही हसवते. मैना गणपतच्या नाशाचे कारण ठरत नाही. ती त्याच्या आयुष्यातून बाजूला होते, आपल्या कृत्याची शिक्षा स्वीकारते आणि त्याला त्याच्या कामाकडे परत पाठवते. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण तेहतीस वर्षांनी शांताराम जवळपास हीच जोडी पुन्हा पडद्यावर आणणार होते.

‘शेजारी’ १९४१ चा, लेखक विश्राम बेडेकर. दोन वृद्ध शेजारी, एक हिंदू, एक मुसलमान. धरणाच्या कामावरून त्यांच्यात पाडलेली फूट आणि फुटणाऱ्या धरणात त्यांचा एकत्र अंत. ‘पडोसी’ या हिंदी आवृत्तीत हिंदू ठाकूर मजहर खान यांनी साकारला आणि मिर्झा गजानन जागीरदारांनी. पाकिस्तानचा ठराव होऊन जेमतेम वर्ष उलटले होते. अशा वेळी ही पात्रयोजना करणे हेच एक विधान होते.

१९४२ मध्ये शांताराम ‘प्रभात’मधून बाहेर पडले. भागीदारांतील मतभेद, जयश्रीबाईंशी झालेला विवाह, व्यवहाराचे प्रश्न अशी अनेक कारणे सांगितली जातात आणि त्यांचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परळमध्ये वाडिया मूव्हिटोनच्या जागेत त्यांनी ‘राजकमल कलामंदिर’ उभारले. राजाराम आणि कमल ही त्यांच्या आईवडिलांची नावे. पहिला चित्रपट ‘शकुंतला’, १९४३ चा. मुंबईत तो शंभराहून अधिक आठवडे चालला आणि नंतर अमेरिकेतही प्रदर्शित झाला. १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ आला आणि त्यात सोलापूरच्या डॉक्टर कोटणीसांची भूमिका शांतारामांनी स्वतः केली. १९५१ चा ‘अमर भूपाळी’ होनाजी बाळावर. हे सारे उत्तम कारागिरीचे, लोकप्रिय, काही ठिकाणी हृद्य असे चित्रपट आहेत. तरी ‘कुंकू’च्या चाहत्याला येथेच काहीतरी खटकू लागते. पात्रे बोलताना आता प्रेक्षकांकडे पाहून बोलल्यासारखी वाटतात.

मग १९५५. ‘झनक झनक पायल बाजे’. टेक्निकलर, गोपीकृष्णांचे कथक, संध्याबाईंनी या चित्रपटासाठी घेतलेले नृत्याचे कठोर शिक्षण, पडद्याच्या कानाकोपऱ्यात ओतलेले लाल, पिवळे, निळे रंग. लोक वेडे झाले. त्याच वर्षी बंगालमध्ये ‘पथेर पांचाली’ प्रदर्शित झाला. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णपदक सत्यजित राय यांच्या चित्रपटाला मिळाले आणि सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा मान ‘झनक झनक’ला. एकाच यादीतली ही दोन नावे. एका चित्रपटात पावसाचे थेंब तळ्यावर पडताना ऐकू येतात; दुसऱ्यात कारंजी नाचतात. अठरा वर्षांपूर्वी घड्याळाच्या टिकटिकीवर विसंबणारा दिग्दर्शक आता कोणत्या बाजूला उभा होता, हे सुज्ञ प्रेक्षकाला दिसत होते.

येथवर कथा सरळ उताराची वाटते. पण १९५७ साली शांतारामांनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला आणि ती सरळ रेषा मोडली. औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून सुचलेले कथानक, ग. दि. माडगूळकरांचे लेखन, जी. बाळकृष्ण यांचे कृष्णधवल छायाचित्रण. सहा खुनी कैदी, एक जेलर, एक ओसाड जमीन आणि एक खेळणी विकणारी बाई. वस्तू थोड्या, आकाश भरपूर. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक, पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल. ज्यांनी १९५५ मध्ये त्यांचे श्राद्ध घालून टाकले होते, त्यांना ते मागे घ्यावे लागले असेल. चित्रपटात उपदेश आहे, भाबडेपणाही आहे. परंतु जेलरच्या डोळ्यांवर कैद्यांचे जे अवलंबून राहणे दाखवले आहे, त्यात ‘अमृतमंथन’च्या त्या डोळ्याचे दूरचे नाते लागते.

या चित्रपटातील बैलाशी झुंजण्याच्या प्रसंगात शांतारामांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. काही काळ त्यांना पट्टी बांधून अंधारात राहावे लागले. त्या अंधारात त्यांना रंग दिसू लागले आणि त्या रंगांतून १९५९ चा ‘नवरंग’ जन्मला, अशी त्याची जन्मकथा आहे.

आणि ‘नवरंग’वरच मासवणच्या बाबूरावांनी लेखणी उपसली. ‘फिल्मइंडिया’तील ती समीक्षा इतकी बोचरी होती की तिचा रोख चित्रपटापेक्षा दिग्दर्शकाच्या वयावर आणि त्याच्या मनोवृत्तीवर अधिक होता. म्हाताऱ्या मनाचे अश्लील स्वप्नरंजन, असा एकंदर भाव. ज्याला कधी देशी चित्रपटाचा झेंडा म्हणून मिरवले, त्याचा हा पाणउतारा. शांताराम तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते, टीकाकार पंचावन्न.

ही टीका असभ्य होती, हे निर्विवाद. पण असभ्य टीकाही कधीकधी खऱ्या दुखण्याच्या जवळपास बोट ठेवते, म्हणून बाबूरावांच्या निदानाकडे गंभीरपणे पाहायला हवे. शांतारामांच्या उत्तरार्धाविषयी आजही तीन कारणे सांगितली जातात: रंगांचा मोह, संध्याबाई आणि वय.

रंगांचा मोह उत्तरार्धातला, हे चुकीचे आहे. १९३३ सालीच ‘सैरंध्री’ रंगीत करण्यासाठी शांताराम जर्मनीपर्यंत गेले होते. प्रयोग फसला. म्हणजे ‘झनक झनक’चे रंग हे बावीस वर्षे उराशी बाळगलेले स्वप्न होते आणि ‘कुंकू’ काढणाऱ्या माणसाच्या डोक्यातही ते होतेच. संध्याबाईंना दोष देणे ही तर जुनी सवय आहे: दिग्दर्शक घसरला की नायिकेकडे बोट दाखवायचे. ‘दो आँखें बारह हाथ’मधील खेळणीवालीही त्याच आहेत, आणि तेथे त्या खटकत नाहीत. वयाचे म्हणाल, तर ‘दो आँखें’ आणि ‘नवरंग’ यांत अंतर दोनच वर्षांचे आहे.

मग काय हरवले? ‘कुंकू’ आणि ‘नवरंग’ शेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट ठळकपणे समोर येते. ‘नवरंग’चा नायक दिवाकर हा कवी आहे. त्याची पत्नी जमुना संसारी आहे, त्याच्या कवितेत तिला रस नाही. म्हणून तो तिच्याच रूपावरून एक कल्पित मोहिनी रचतो आणि तिच्यावर काव्य करतो. घरातली बाई आणि कल्पनेतली बाई, दोन्ही संध्याबाईंनीच साकारल्या आहेत. कल्पनेतली नाचते, सजते, नवनव्या रूपांत येते. घरातलीला तिच्याविषयी मत्सर वाटतो. साऱ्या चित्रपटाचा डोळा दिवाकराच्या मनातून पाहतो. जमुनेला काय वाटत असेल, हा प्रश्न चित्रपटाला पडतो, पण तो तिच्या बाजूने विचारला जात नाही. ‘कुंकू’मध्ये काकासाहेबांनीही एका तरुण पत्नीचे स्वप्न पाहिले होते, आणि नीरेने त्या स्वप्नात राहण्यास नकार दिला होता. आरशाचे तुकडे तेव्हा काकासाहेबांना त्यांचा चेहरा दाखवत होते. ‘नवरंग’मध्ये आरसे पुष्कळ आहेत, पण त्यांत सुंदर तेवढेच दिसते.

बाबूरावांनी म्हातारपणाची खिल्ली उडवली, आणि नेमकी हीच गोष्ट त्यांच्या हातून निसटली. हरवला होता तो नकार. पडद्यावर नायकाला ‘नाही’ म्हणणारी व्यक्ती हरवली होती, आणि बहुधा पडद्यामागेही.

‘प्रभात’मध्ये शांताराम एकटे नव्हते. ‘कुंकू’चा ध्वनी दामल्यांचा, कलादिग्दर्शन फत्तेलालांचे, छायाचित्रण व्ही. अवधूत यांचे, गोष्ट एका कादंबरीकाराची. शिवाय त्याच स्टुडिओत दामले-फत्तेलाल स्वतः दिग्दर्शन करीत होते आणि १९३६ चा त्यांचा ‘संत तुकाराम’ व्हेनिसला गौरवला गेला. म्हणजे शांतारामांच्या शेजारच्या खोलीत, त्यांच्याहून अगदी वेगळ्या, साध्या, थांबून पाहणाऱ्या पद्धतीने काम करणारी, आणि त्यात त्यांच्याइतकीच यशस्वी असलेली माणसे बसत होती. अशा सहवासात उधळपट्टीला आपोआप लगाम बसतो. ‘राजकमल’मध्ये गुणी माणसे होती. वसंत देसाई होते, माडगूळकर होते, बाळकृष्ण होते. पण तेथे मालक एकच होता, आणि दिग्दर्शक, निर्माता व अनेकदा नायकही तोच. ‘दो आँखें’च्या वेळी माडगूळकरांची कथा आणि प्रत्यक्षात घडलेल्या प्रयोगाचा भक्कम आधार होता, ‘नवरंग’ला आधार होता तो दिग्दर्शकाच्या स्वतःच्या मिटल्या डोळ्यांचा.

हे अनुमान आहे, आणि त्याला एक छेद द्यायला हवा. दामले आणि फत्तेलाल यांची वाटही शांतारामांशिवाय फार लांब गेली नाही. दामले १९४५ मध्ये वारले, आणि पुढच्या दशकात ‘प्रभात’ची तुतारी थांबली. त्या वास्तूत पुढे पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आली. एकत्र असताना जे घडले, ते वेगळे होऊन कोणालाच पुन्हा साधले नाही.

शांतारामांच्या कारकिर्दीने अभ्यासकाला एक दुर्मीळ सोय करून दिली आहे: त्यांनी काही गोष्टी दोनदा सांगितल्या. १९४३ ची ‘शकुंतला’ त्यांनी १९६१ मध्ये ‘स्त्री’ या नावाने पुन्हा रचली. पहिल्यात दुष्यंत चंद्रमोहन, शकुंतला जयश्री. दुसऱ्यात शकुंतला संध्याबाई आणि दुष्यंत स्वतः शांताराम, वयाच्या साठीजवळ. कालिदासाचा राजा प्रौढ असायला हरकत नाही. पण तरुण तपस्विनीला भुलवणारा वयस्क पुरुष या दृश्याकडे ज्या दिग्दर्शकाने १९३७ मध्ये इतक्या तीक्ष्ण नजरेने पाहिले होते, त्याला आता त्यात काही विचारण्यासारखे दिसू नये, याचे चाहत्याला दुःख होणारच.

दुसरी जोडी अधिक बोलकी आहे. १९७२ चा ‘पिंजरा’. हाइनरिश मान यांच्या कादंबरीवरून जोसेफ फॉन स्टर्नबर्गने काढलेल्या ‘ब्लू एंजल’चे कथानक, शंकर पाटलांच्या अस्सल ग्रामीण संवादांत आणि राम कदमांच्या लावण्यांत उतरलेले. तमाशाला गावबंदी करू पाहणारा आदर्शवादी मास्तर तमासगिरिणीच्या नादाने धुळीला मिळतो. डॉ. श्रीराम लागू यांचे मोठ्या पडद्यावरचे हे पदार्पण थरारून टाकणारे आहे. निळू फुलेही तोडीस तोड. ‘पिंजरा’ने महाराष्ट्र वेडा केला, आणि तो वेडा होण्याजोगाच चित्रपट आहे. तो शांतारामांच्या अधोगतीचा पुरावा म्हणून सांगणाऱ्यांनी तो नीट पाहिलेला नाही.

तरीही ‘माणूस’ आठवून पाहावा. पोलीस आणि वेश्या, मास्तर आणि तमासगिरीण. ‘माणूस’मध्ये मैनेला तिची स्वतःची बुद्धी होती, स्वतःची लाज होती, आणि गणपत कोसळला तर तो स्वतःच्या कमकुवतपणाने कोसळणार होता. ‘पिंजरा’त चंद्रकला आरंभी सूडाने पेटलेले आमिष आहे, पुढे ती प्रेमात पडते, पण तोवर चित्रपटाने तिची जागा ठरवून टाकलेली असते. पिंजरा तिचा आहे आणि सापडलेला पक्षी मास्तर आहे. १९३९ मध्ये शांताराम विचारत होते की समाजाने या बाईचे काय केले. १९७२ मध्ये प्रश्न असा झाला की या बाईने गुरुजींचे काय केले. कारागिरी दोन्हीकडे अव्वल आहे. प्रश्न मात्र उलटा झाला आहे.

येथे चाहत्यांमध्येही भेद करावा लागतो. ‘निराशा’ हा शब्द मुख्यतः शहरी, इंग्रजी वाचणाऱ्या, ‘प्रभात’वर वाढलेल्या वर्गाचा आहे. ज्या कुटुंबांनी ‘नवरंग’ची गाणी होळीला लावली, ज्या गावांनी ‘पिंजरा’ पुन:पुन्हा पाहिला, त्यांना कोणतीही निराशा झाली नव्हती. त्यांचे शांताराम तिथेच सुरू होत होते. इतिहासकाराने यांपैकी कोणालाही खोटे ठरवण्याचे कारण नाही. ‘कुंकू’चा प्रेक्षक मध्यमवर्गीय घरातल्या वादात रस घेणारा होता. ‘नवरंग’ला देशभरच्या, अनेक भाषांच्या प्रेक्षकांसाठी रंग आणि संगीत लागत होते. बाजार बदलला होता आणि ‘राजकमल’चा खर्च तिकीटबारीवरच निघायचा होता.

आता पुन्हा बाबूरावांकडे वळू, कारण त्यांच्याविषयी सांगायचे राहिलेले आहे. दुसऱ्यांना इतक्या कठोर कसोटीवर घासणाऱ्या या समीक्षकाने स्वतःही चित्रपट काढले. १९४४ चा ‘द्रौपदी’ आणि १९४६ चा ‘ग्वालन’, दोन्हींत पत्नी सुशीलाराणी नायिका. दोन्ही पडले. त्यानंतर त्यांची लेखणी हळूहळू पडद्यावरून राजकारणाकडे वळली. ‘नवरंग’च्या पाठोपाठच ‘फिल्मइंडिया’चे ‘मदर इंडिया’ झाले. नाव चित्रपटाचे वाटले तरी आशय राजकारणाचा होता, आणि त्यात जमातवादी कडवटपणा उत्तरोत्तर वाढत गेला. १९६७ मध्ये मध्य प्रदेशातील शाजापूरमधून जनसंघाच्या तिकिटावर ते लोकसभेत गेले. ज्यांनी १९३८ मध्ये साम्राज्याच्या खोट्या चित्रांविरुद्ध त्यांना लढताना वाचले होते, ज्यांनी त्यांच्याच काळात ‘शेजारी’सारखा चित्रपट पाहिला होता, त्या वाचकांपैकी काहींच्या मनात या नव्या बाबूरावांविषयी काय आले असेल? ‘नवरंग’ पाहून बाबूरावांच्या मनात जे आले, त्याहून ते फार वेगळे नसावे.

शांताराम थांबले नाहीत. ‘गीत गाया पत्थरों ने’ने १९६४ मध्ये जितेंद्र नावाचा नवा चेहरा दिला, ‘जल बिन मछली नृत्य बिन बिजली’ १९७१ मध्ये आला, १९७५ मध्ये ‘चंदनाची चोळी अंग अंग जाळी’. १९८५ साली दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, आणि त्यानंतरही, वयाच्या पंच्याऐंशीव्या-शहाऐंशीव्या वर्षी, त्यांनी ‘झंझार’ दिग्दर्शित केला. १९८७ मध्ये तो आला आणि गेला. ३० ऑक्टोबर १९९० रोजी शांतारामांचे निधन झाले. बाबूराव १९८२ सालीच गेले होते. ‘झंझार’वर ते काय लिहितील याची धास्ती ‘राजकमल’मध्ये आता कोणालाच उरली नव्हती.